जाहिरात क्षेत्र पाहण्यासाठी मुंबईला जाताना : सांगली-साताऱ्याच्या विद्यार्थ्यांसाठी

पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेले काही विद्यार्थी दरवर्षी मला विश्रामबागेतील घरी भेटायला येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "सर, जाहिरातीत जायचे आहे, मुंबईला कुणाला भेटू?" मी चौदा वर्षे मुंबईतील जाहिरात संस्थांमध्ये मराठी आणि हिंदी कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातीचे शब्द लिहिणारा, म्हणून काम केले आणि आता सांगलीत राहून तेच काम करतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. कुणाला भेटायचे हे ठरवण्याआधी हातात काय घेऊन भेटायचे हे ठरवा, असे मी त्यांना सांगतो. कारण जे घेऊन जायचे ते मुंबईत विकत मिळत नाही, ते इथेच पाच-सहा आठवडे बसून तयार करावे लागते.

हे मी अनुभवाने सांगतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वेळ न घेता, सोमवारी सकाळी एका मोठ्या संस्थेच्या दारात उभा राहिलो. हातातील फाइलमध्ये वक्तृत्व स्पर्धांची प्रमाणपत्रे आणि महाविद्यालयाच्या नियतकालिकात छापून आलेल्या कविता होत्या. दुपारी चारपर्यंत स्वागतकक्षात बसल्यावर एक वरिष्ठ कॉपीरायटर बाहेर आले, त्यांनी उभ्या उभ्या सगळी पाने पाहिली आणि अगदी सौम्यपणे विचारले, "यात जाहिरात कुठे आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या माणसाने कामातून काढून दिलेली पाच मिनिटे माझ्या तयारीअभावी वाया गेली, याची खंत मला अजून वाटते, आणि पुढील सर्व मजकूर त्या खंतीपोटीच लिहिला आहे.

आधी काम समजून घ्या

"जाहिरातीत जायचे" म्हणजे नेमके कुठे जायचे, हे घरच्यांना सांगता आले पाहिजे, कारण आपल्याकडे अनेक पालकांना जाहिरात म्हणजे मॉडेलिंग किंवा पडद्यावर दिसणे एवढेच ठाऊक असते. समजा, आपल्या भागातील एका डेअरीला नवे दही बाजारात आणायचे आहे. डेअरीच्या अधिकाऱ्यांशी बोलून गरज समजून घेणारा आणि ती ब्रीफच्या, म्हणजे लेखी सूचनापत्राच्या, रूपात संस्थेत आणणारा माणूस क्लायंट सर्व्हिसिंगचा असतो. हे दही कोण खाईल, सध्या ती माणसे घरी विरजण लावतात की बाजारातून आणतात, आणि त्यांना नेमकी कोणती एकच गोष्ट सांगावी, याचा शोध प्लॅनर घेतो. मग कॉपीरायटर आणि आर्ट डिरेक्टर अशी जोडी बसते. शब्द एकाचे आणि चित्र दुसऱ्याचे असे वरवर दिसते, पण चांगल्या जोडीत कल्पना कुणाची हे शेवटी सांगता येत नाही. त्यांचे काम क्रिएटिव्ह डिरेक्टर तपासतो, स्टुडिओतील फिनिशिंग आर्टिस्ट ते छपाईयोग्य करतो, मीडिया प्लॅनर कोणत्या वर्तमानपत्रात, वाहिनीवर किंवा मोबाइलवर ते किती वेळा दाखवायचे हे पैशांच्या हिशेबात बसवतो, आणि चित्रफीत करायची असेल तर ती बहुधा बाहेरच्या निर्मितीसंस्थेकडे जाते. समाजमाध्यमांसाठी रोजचा मजकूर लिहिणाऱ्यांचा आणि ऑनलाइन जाहिरातींचे आकडे पाहून त्या रोज बदलणाऱ्यांचा असे दोन नवे गट आता जवळजवळ प्रत्येक संस्थेत आहेत. यांपैकी दोन कामे निवडा आणि त्या दोहोंविषयीच विचारायला जा. निवड चुकली तरी बिघडत नाही. नामवंत जाहिरातकार पीयूष पांडे १९८२ मध्ये ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेत दाखल झाले ते क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये. त्याआधी ते चहाची पारख करण्याचे काम करत होते, आणि लेखनाच्या बाजूला ते नंतर वळले.

मुंबईच्या आधी आपल्या गावातील छोट्या जाहिरात एजन्सीत दोन दिवस बसण्याची परवानगी मिळवा. सांगलीत आणि साताऱ्यात अशा एजन्सी आहेत. वर्तमानपत्रांसाठी जाहीर नोटिसा, श्रद्धांजली, शाळाप्रवेश आणि सराफांच्या जाहिराती घेणे हे त्यांचे मुख्य काम असते. तिथे जागा कशी मोजतात, रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्यासाठी वर्तमानपत्राला द्यायचा लेखी आदेश, कशी लिहितात आणि वर्तमानपत्राकडून एजन्सीला परंपरेने मिळणारे १५ टक्के कमिशन म्हणजे काय, हे पाहायला मिळते. पुढे मुंबईत कुणी मीडियाविषयी बोलू लागले की तुम्हाला विषयाचा आधार असतो. फ्लेक्स छापणाऱ्याकडेही एक दुपार घालवा. मराठी मजकूर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला आणि उघडणाऱ्या संगणकावर तो फाँटच नाही, किंवा युनिकोडमधील मजकूर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्याने जोडाक्षरे फुटून अक्षरांचे पाय मोडले आहेत, असे दृश्य तिथे हमखास दिसते. मराठी जाहिरातीत काम करू इच्छिणाऱ्याला ही अडचण समजलेली असणे ही मोठी जमेची बाजू आहे. विंडोजवर अनेक वर्षे मराठी ज्या 'मंगल' फाँटमध्ये दिसत आली, तो घडवणारे र. कृ. जोशी हे आधी उल्का या जाहिरात संस्थेत आर्ट डिरेक्टर होते आणि मग पवईच्या आयआयटीत शिकवू लागले. म्हणजे आपल्या अक्षरांची वाटही या व्यवसायातूनच गेली आहे.

आणि आपला जिल्हा या विषयात नवखा नाही, हे मनात पक्के असू द्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून महाराष्ट्रभर वाचले गेले. लोकांच्या मनातील अडथळा कोणता, तो कोणत्या शब्दांनी आणि चित्रांनी दूर होईल, हा जाहिरातीचा मूळ प्रश्न पलूस तालुक्याच्या माळावर शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी मन लावून सोडवत होते.

हातातील काम

आता पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायला न्यायच्या कामाची फाइल. पाच किंवा सहा कल्पना पुरेत, त्याहून अधिक नकोत. प्रत्येक कल्पना खऱ्या वस्तूची असावी, पण ती जाहिरात तुम्ही सरावासाठी केली आहे हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावे. चित्र काढता येत नसेल तर काड्यांची माणसे काढा आणि शेजारी शब्दांत सांगा. कॉपीरायटरकडून कुणी सुबक चित्राची अपेक्षा करत नाही, आणि मोबाइलवर दहा मिनिटांत बनवलेले चकचकीत चित्र कमकुवत कल्पना झाकू शकत नाही. प्रत्येक कल्पनेच्या वर तीन ओळी लिहा : ही जाहिरात कुणासाठी, त्या माणसाला आज काय वाटते, आणि जाहिरात पाहिल्यावर काय वाटायला हवे.

गेल्या वर्षी माझ्याकडे येणाऱ्या हरिपूरच्या एका विद्यार्थिनीचे काम इथे सविस्तर सांगतो. तिने सांगलीच्या हळदीची जाहिरात करायला घेतली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे विषय चांगला होता. पहिल्या मसुद्यातील मथळा होता : "शुद्धतेची परंपरा, विश्वासाचे नाव". मी तिला उत्पादनाचे नाव बोटाने झाकायला सांगितले आणि विचारले, ही ओळ तुपाची असू शकते का? सोन्याची? पतसंस्थेची? तिन्हीला होकार आला. जी ओळ कुठेही चिकटते ती कुणाचीच नसते, म्हणून ती ओळ तिथेच खोडली.

दुसऱ्यांदा येताना ती आजोबांशी बोलून आली होती. हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत असत. तोंड बंद केलेल्या पेवात हवा नसल्याने कीड लागत नसे, आणि पेव उघडल्यावर माणूस आत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहत, कारण कंदील विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही हे कळे. तिने चित्रात काळा गोल काढला होता, त्यात दोरीला लटकलेला विझलेला कंदील, आणि खाली दोन छोटी वाक्ये : "इथे कंदीलही जगत नाही. कीड कशी जगेल?" ही ओळ तुपाला लावता येत नाही, सोन्यालाही नाही. तिच्या आजोबांच्या तोंडची गोष्ट होती, म्हणून ती तिलाच सुचली. मुंबईतील मुलांकडे इतर अनेक सोयी असतील, पण हे पेव त्यांच्याकडे नाही. माझा सल्ला असा की निम्म्याहून अधिक काम आपल्या भागातील वस्तूंचे असावे : हळद, बेदाणा, कंदी पेढा, ठिबक सिंचनाच्या नळ्या, काकवीचा डबा, एखाद्या सहकारी बँकेची सोनेतारण योजना. उरलेले काम सर्वांना ठाऊक असलेल्या मोठ्या उत्पादनांचे ठेवा, म्हणजे पाहणाऱ्याला तुलना करता येते.

एक खबरदारी घ्या. हळदीने मधुमेह बरा होतो, अमुक काढ्याने कर्करोग जातो, असे दावे सरावाच्या जाहिरातीतही लिहू नका. १९५४ चा औषधे आणि जादुई उपचार कायदा ठरावीक आजारांवरील अशा जाहिरातींना मनाई करतो, आणि १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, सिद्ध न करता येणाऱ्या दाव्यांची दखल घेते. आस्कीचे नियम तिच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. जाण्यापूर्वी एकदा तरी वाचा.

भेटी ठरवणे

सर्वांत मोठ्या नावाच्या मागे लागू नका. संस्थेचे प्रमुख तुम्हाला वेळ देणार नाहीत आणि दिला तरी नवशिक्याचा दिवस कसा जातो हे त्यांना आता सांगता येणार नाही. दोन ते चार वर्षे काम केलेली माणसे शोधा : आपल्या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी, कोल्हापूर किंवा पुण्यात जनसंज्ञापन शिकून मुंबईत गेलेले, किंवा एखाद्या जाहिरातीच्या श्रेयनामावलीत ज्यांचे नाव दिसते असे कनिष्ठ लेखक आणि चित्रकार. व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळांवर ही माणसे सापडतात. वीस जणांना पत्र लिहिले तर चार-पाच जण उत्तर देतात असे धरून चाला, आणि ज्यांनी दिले नाही त्यांच्याविषयी मनात काही ठेवू नका.

संस्थेचे आजचे नाव तपासूनच पत्र पाठवा. १८६४ मध्ये सुरू झालेल्या जे. वॉल्टर थॉम्पसनचे नाव २०१८ मध्ये वंडरमनशी जोडले गेले आणि पुढच्या विलीनीकरणात ते व्हीएमएल या नावात मिसळून गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑम्निकॉमने इंटरपब्लिक समूह घेतल्यानंतर डीडीबी आणि एफसीबी ही जागतिक नावेही बंद करण्याचा निर्णय झाला, आणि बाळ मुंडकूरांनी १९६१ मध्ये काढलेली उल्का ही एफसीबीच्याच घरातली होती. जुन्या पुस्तकातून नाव उचलून पत्र लिहिले की समोरच्याला लगेच कळते.

पत्र सहा-सात ओळींचे असावे. इंग्रजीत लिहिणे सोयीचे ठरते, पण ते तुमच्याच साध्या इंग्रजीत असावे. कुणाकडून तरी लिहून घेतलेली आलंकारिक भाषा भेटीत उघडी पडते. आशय साधारण असा :

"नमस्कार. मी सांगलीत बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात शिकते. मला कॉपीरायटिंगचे काम समजून घ्यायचे आहे. तुमच्या संस्थेने केलेल्या अमुक जाहिरातीत आजीच्या तोंडी बोलीभाषा ठेवली आहे, ती तशीच ठेवण्याचा निर्णय कसा झाला हे मला विचारायचे आहे. मी १३ ते १५ जानेवारीला मुंबईत आहे. त्यांपैकी कधीही तुमची वीस मिनिटे मिळाली तर मी तुमच्या कार्यालयात किंवा जवळपास येईन. मी नोकरी मागण्यासाठी येत नाही. सोबत माझ्या दोन कामांची पाने जोडली आहेत."

यात तारखा आहेत, वेळेची मर्यादा आहे आणि त्यांच्या कामाविषयीचा एक खरा प्रश्न आहे. प्रश्न खरा असायला हवा, म्हणजे त्याचे उत्तर तुम्हाला मनापासून हवे असले पाहिजे. आठ दिवसांत उत्तर आले नाही तर एकदाच आठवण करा.

काळ निवडताना गणपती ते दिवाळी हे दिवस टाळा, कारण सणांच्या जाहिरातींमुळे तेव्हा संस्थांमध्ये कुणाला मान वर करायला सवड नसते. मार्चअखेरही टाळा, आणि जुलैतील मुसळधार पावसाचे दिवसही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. मंगळवार ते गुरुवार भेटी ठेवा. सोमवार बैठकांचा असतो आणि शुक्रवारी दुपारनंतर कामे संपवण्याची घाई. दिवसाला दोनच भेटी घ्या, एक साडेअकराच्या सुमारास आणि दुसरी चारच्या पुढे. गोरेगाव आणि लोअर परळ नकाशावर जवळ दिसतात, पण नवख्या माणसाला त्या दोहोंमध्ये दीड तास हाताशी ठेवावा लागतो.

प्रवास आणि मुक्काम

जाताना रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, कारण ती सकाळी मुंबईत पोहोचवते. दादरला उतरलात तर मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांच्या लोकल मिळतात. परतताना दिवसाची कोयना एक्स्प्रेस घ्या आणि खिडकीत बसा; ताकारीनंतर किर्लोस्करवाडी लागते. साताऱ्याच्या विद्यार्थ्यांना रेल्वेस्थानक शहरापासून दूर माहुलीकडे असल्याने एसटी किंवा खासगी बस अधिक बरी पडते. त्या बहुधा वाशी, चेंबूर, सायन, दादर या क्रमाने थांबतात, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणाप्रमाणे उतरण्याची जागा आधीच ठरवा.

मुक्कामासाठी हॉटेल शोधण्यापूर्वी नात्यातल्या आणि गावच्या माणसांना विचारा. पाटण, जावळी, खटाव, शिराळा या भागांतील हजारो माणसे गिरणीत, गोदीत आणि माथाडी म्हणून कामाला मुंबईत गेली. अनेकांची मुले-नातवंडे आज नवी मुंबई, घाटकोपर, कांदिवलीत स्थिरावली आहेत, आणि काही गावांच्या गावकीच्या खोल्या लालबाग-परळ भागात अजूनही आहेत. एखादा मामा किंवा चुलत आत्या तीन रात्री आनंदाने ठेवून घेतात. जाताना भडंगाचा पुडा किंवा कंदी पेढे न्या, आणि सकाळी किती वाजता बाहेर पडणार, रात्री किती वाजेपर्यंत परत येणार, हे त्या घरात आधी सांगा.

लोकलमध्ये सकाळी नऊच्या सुमारास सीएसएमटी आणि चर्चगेटच्या दिशेने आणि संध्याकाळी सहानंतर उलट दिशेने तुफान गर्दी असते. फाइल छातीशी धरा आणि दारात उभे राहू नका. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला चालत नाहीत, तिथे टॅक्सी, बस किंवा मेट्रो घ्यावी लागते. आरे ते कफ परेड ही 'मेट्रो-३' मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे आणि तिने दक्षिण मुंबई, दादर, वांद्रे-कुर्ला संकुल आणि अंधेरीचा पूर्व भाग जोडला गेला आहे.

भेटीत काय करावे

दहा मिनिटे आधी पोहोचा, पण आधी वर जाऊ नका. कपडे स्वच्छ आणि साधे असावेत. या संस्थांत कुणी टाय लावत नाही. समोरची व्यक्ती पहिल्याच वाक्याला नावाने हाक मारायला सांगेल. तरीही "सर" किंवा "मॅडम" तोंडात येत असेल तर येऊ द्या, त्यात कुणी कमीपणा मानत नाही. इंग्रजीत अडखळलात तर "मी मराठीत सांगू का?" असे सरळ विचारा. ज्यांना मराठी येत नाही ते हिंदीत बोलतात.

प्रश्न कामाच्या तपशिलाचे असावेत. काल तुम्ही दिवसभरात काय काय केले? शेवटची कल्पना का नाकारली गेली? पहिल्या सहा महिन्यांत तुमच्याकडे कोणते काम होते, आणि त्यातले किती आता संगणकच करून टाकतो? हा शेवटचा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे, कारण वेगवेगळ्या आकारांत एकच जाहिरात बसवणे आणि अनेक भाषांत मजकूर उतरवणे ही कामे पूर्वी नवशिक्यांची पहिली पायरी होती आणि तीच पायरी आता बदलते आहे. मराठीविषयी नेमके विचारा : इथे मराठी जाहिरात मुळात मराठीत सुचते की इंग्रजीवरून उतरवली जाते? जिथे ती फक्त उतरवली जाते तिथेही काम आहे, पण ते काम वेगळे आहे, आणि तुम्हाला त्यातले कोणते हवे हे स्वतःशी ठरवावे लागेल. इंटर्नशिपला मानधन मिळते का, हेही न संकोचता विचारा. घरच्यांच्या पैशांवर मुंबईत राहायचे असेल तर हा हिशेब विचारणे तुमचा हक्क आहे.

मग काम दाखवा आणि गप्प बसा. आपली कल्पना समजावून सांगण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण वर्तमानपत्राच्या पानाशेजारी तुम्ही उभे राहणार नसता. हरिपूरच्या विद्यार्थिनीने हे नीट पाळले. मुंबईत तिला भेटलेल्या आर्ट डिरेक्टर बाईंनी पहिली तीन पाने पटापट उलटली, कंदिलाच्या पानावर हात थांबला, त्यांनी पान थोडे दूर धरले, पुन्हा जवळ आणले आणि विचारले, "व्यापारी हळद खरंच पेवात ठेवतात?" ती खरे बोलली : २००५ च्या महापुरात पेवांचे फार मोठे नुकसान झाले, आणि आता बहुतेक माल गोदामात आणि शीतगृहात जातो. बाई म्हणाल्या, "मग ही सुंदर जाहिरात खोटी आहे. खरी कर आणि मला पाठव." त्यांनी शीर्षकाला हात लावला नाही, शब्द सुचवले नाहीत, फक्त एवढेच सांगितले. चांगला शिक्षक असाच असतो.

वीस मिनिटे झाली की तुम्हीच उठा. त्यांनी बसवून घेतले तर गोष्ट वेगळी. निघताना आणखी एका माणसाचे नाव मागा.

एक इशारा इथेच देतो. "जाहिरातीत काम मिळवून देतो, आधी फोटोंच्या पोर्टफोलिओचे पैसे भरा" किंवा "नोंदणी शुल्क द्या" असे कुणीही म्हणाले की तिथून निघा आणि त्याच दिवशी घरी फोन करून सांगा. जाहिरात संस्था उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

शिक्षणसंस्था आणि शहर

एक सकाळ शिक्षणसंस्थांसाठी ठेवा. सीएसएमटीला उतरून दादाभाई नौरोजी मार्गाने क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालत गेले की जे. जे.चा परिसर लागतो. १८५७ च्या या कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला, त्यातून आजची उपयोजित कला संस्था उभी राहिली, आणि २०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्रवेशाचे नियम त्यामुळे बदलत आहेत, म्हणून चालू वर्षाचे माहितीपत्रकच वाचा, मोठ्या भावाच्या वेळची माहिती चालणार नाही. वार्षिक प्रदर्शन सुरू असताना गेलात तर अख्खी दुपार तिथे द्या. तिथून चालत धोबी तलावाकडे सेंट झेवियर्सच्या आवारात झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आहे. पदवीनंतरच्या अभ्यासक्रमांची चौकशी तिथे करा. बारावीच्या विद्यार्थ्यांनी मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसी या जनसंज्ञापनाच्या पदवी अभ्यासक्रमाची, म्हणजे पूर्वीच्या बीएमएमची, माहिती दोन महाविद्यालयांत विचारावी आणि शुल्काचा आकडा लिहून आणावा. अहमदाबादच्या मायकाचे नाव सगळे सांगतील; चांगली संस्था आहे, पण खर्चिक आहे, आणि तिथे गेल्याशिवाय या क्षेत्रात येता येत नाही ही समजूत मात्र चुकीची आहे.

उरलेल्या वेळात शहरातील जाहिराती पाहा. पाहण्याची रीत अशी : दादर स्थानकाच्या पुलावर दहा मिनिटे थांबा आणि एकाच उत्पादनाची जाहिरात मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत कशी लिहिली आहे ते वहीत उतरवा. मराठी ओळ मोठ्याने वाचा. आपली आई असे बोलेल का, हे विचारा. माहीमच्या कॉजवेवर बसमधून जाताना मोठे फलक दिसतात. बस चालू असताना त्यांतील किती शब्द वाचून झाले ते मोजा, म्हणजे फलकावर थोडेच शब्द का लिहितात हे कुणी शिकवावे लागणार नाही. फलक पाहताना १३ मे २०२४ हा दिवसही लक्षात असू द्या. घाटकोपरला त्या संध्याकाळी वादळात कोसळलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता, परवानगीची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती, आणि १७ माणसे मेली. जाहिरातीची जागा कुणी, किती आणि कुणाच्या परवानगीने विकली, हा प्रश्न मीडिया विभागात काम करणाऱ्यालाही लागू आहे.

परत आल्यावर

रोज रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशीच्या भेटी वहीत लिहा : कोण, काय म्हणाले, कोणत्या पानावर थांबले, कोणते पान न पाहता उलटले. न पाहता उलटलेली पाने घरी आल्यावर काढून टाका. आभाराचे पत्र दुसऱ्या दिवशी जावे, दोन ओळींचे. खरे पत्र पंधराव्या दिवशी पाठवायचे असते, आणि त्यासोबत त्यांनी सुचवलेल्या दुरुस्तीनंतरचे काम जोडायचे असते. बहुतेक विद्यार्थी हे करत नाहीत आणि म्हणून विसरले जातात.

हरिपूरच्या विद्यार्थिनीने ते पंधरा दिवस मार्केट यार्डात आणि गावात फिरण्यात घालवले. अजून पेव वापरणारा एक जुना व्यापारी तिला सापडला. त्याच्याकडे दोनच पेवे शाबूत होती. तिने चित्र तेच ठेवले, दोन वाक्येही तीच ठेवली, आणि त्यांच्या खाली बारीक अक्षरांत लिहिले : "महापुरानंतर आमच्याकडे दोनच पेवे उरली. म्हणून ही हळद थोडीच असते, आणि पेव उघडल्यावरच मिळते." तिने पंधराव्या दिवशी ते पान पाठवले. अकरा दिवसांनी बाईंचे उत्तर आले : "आता खरी झाली. 'म्हणून'पासून पुढचे वाक्य अर्धे कर. पुढचे काम कधी पाठवतेस?" तिने वहीत तारीख लिहिली आणि बेदाण्याचे पान करायला घेतले.